पिपाणीचा खर्ज

ध्वनिमुद्रणात वीस वर्षं घालवलेल्या बाईंना कुणाच्या आवाजाचं नवल वाटणं केव्हाच बंद झालं होतं. अपवाद एकच, पिपाणी! कार्टूनमधल्या खारी, उंदीर, चिडकी भुतं यांना आवाज देणारा हा धिप्पाड गडी चहासुद्धा त्याच चिरक्या आवाजात मागायचा. पोरं हसून गडाबडा लोळायची. पण तो गंभीर भूमिका मागायला गेला की निर्मातेही हसायचे. तेच त्याचं दुखणं होतं.

त्या दुपारी तो डॉक्टरांकडून तडक स्टुडिओत आला, काचेपलीकडे उभा राहिला, कंठमण्यावर अंगठा दाबला आणि बोलला. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. काय तो खर्ज!

"गळ्यात दोष नाही म्हणे," तो म्हणाला. "चौदाव्या वर्षी आवाज फुटला, तो मीच वर धरून ठेवला. का, ते देव जाणे. आता सहा आठवडे असंच बोलायचं, एकदाही मागं फिरायचं नाही. मग हा कायमचा. राजाची भूमिका मिळतेय बाई, राजाची!"

त्याच संध्याकाळी राजाची चाचणी ऐकायला त्याची ताई घरून आली. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. लहानपणीच्या तापात तिचे कान अधू झाले होते, आणि तिची तक्रार जगजाहीर होती. "बायकांचं समजतं मला. हे मेले पुरुष नुसतं तोंड हलवतात!" त्यावर सगळे हसायचे.

बाईंनी तिला हेडफोन दिला. तो राजा होऊन बोलला, आणि बाई भान विसरून ऐकत राहिल्या. तेवढ्यात ताईनं त्यांची बाही ओढली.

"अगं, मशीन बंद पडलंय बघ तुझं. पोरगं मघापासून नुसतं तोंड हलवतंय."

बाईंनी आवाज वाढवला. काही नाही. मग त्यांनी खारीचा जुना तुकडा लावला, तशी ताई खळखळून हसली. "हां, आत्ता लागलं!"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौदा वर्षांच्या पोरानं फुटलेल्या आवाजात हाक मारली असेल आणि ताई वळलीच नसेल. मग जिथं ती वळते तिथं पोरानं आवाज नेऊन ठेवला. तीस वर्षं, स्वतःलाही न कळता! बाईंना हात जोडावेसे वाटले. ताई खारीत रमलेली असतानाच काचेपलीकडे बोलायचं बटण दाबून त्यांनी त्याला हळूच सगळं सांगितलं.

त्यानं काचेतून ताईकडं बघितलं. मग राजाचा कागद घडी करून त्यानं खिशात घातला, कंठमण्यावरचा अंगठा काढला आणि माइकजवळ आला.

"ताई, ऐकू येतंय ना गं?" पिपाणी वाजली.

"येतंय की! ओरडतोस कशाला?"