कोनं पायलं?

मित्रांनो, मी जुना झालो आहे, पण मोडीत निघालेलो नाही. मी एक फळा आहे. शाळेतला नव्हे. कोंढा गावाच्या बसथांब्यावर, सुखरामच्या पानठेल्याशेजारी, टिनाच्या छपराखाली मी उभा असतो. माझ्यावर कधी पाढे लिहिले गेले नाहीत. गावाच्या बातम्या लिहिल्या गेल्या.

आधी मी ललिताबाईंच्या घराचं सागाचं दार होतो. घराला लोखंडी फाटक आलं, तेव्हा त्यांनी मला चुलीत जाऊ दिलं नाही. सुताराकडून रंधा मारून घेतला, कोळशाची पूड पाल्याच्या रसात कालवून मला काळं केलं आणि नवऱ्याला, यादोरावांना, बसथांब्यावर माझ्या खांबांसाठी खड्डे खणायला लावलं.

"पेपरात भंडाऱ्याची बातमी येते, मुंबईची येते," त्या म्हणाल्या. "आपल्या गावची आपनच लिहू."

त्यांचा एक नियम होता. कोणी बातमी घेऊन आलं की खडू उचलण्याआधी त्या विचारायच्या, "कोनं पायलं?" ज्याने पाहिलं त्याचं नाव बातमीखाली जायचं. नाव नाही तर बातमी नाही. कोणी "लोकं म्हनतेत" म्हणालं तर त्या विचारायच्या, "हे लोकं कोन्या मोहल्ल्यात रायतेत?"

चुकलेली बातमी त्या पुसत नसत. तिच्यावर रेघ मारून खाली खरं लिहायच्या. एकदा सुखरामची म्हैस हरवल्याची बातमी लागली. दुसऱ्या दिवशी खाली आलं: "म्हैस हरवली नव्हती. सुखरामच्या सासऱ्याच्या गोठ्यात होती. पाहणारा: सासरा."

"वहिनी, मायी इज्जत काढली न तुमी!" सुखराम ओरडला.

"इज्जत नाय भाऊ, म्हैस काढली," त्या म्हणाल्या.

मग घरोघरी फोन आले. माझ्यावर कोचिंग क्लासच्या, बोअरवेलच्या जाहिराती चिकटू लागल्या. ललिताबाई त्या सुरीने खरवडून काढायच्या. वाचणारे कमी झाले, लिहिणं थांबलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. त्यांनी लिहिलेली शेवटची बातमी अशी होती: "तलावातले शिंगाडे तयार झाले. गोड आहेत. खाऊन पाहणारी: ललिता."

यादोरावांनी त्यावर पारदर्शक प्लास्टिक बांधलं. रोज सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसत. कोणाला खडू लावू देत नसत. मला त्यांचं दुःख कळत होतं. पण मित्रांनो, मी स्पष्ट सांगतो, मला ते मान्य नव्हतं. मी फळा आहे, समाधीचा दगड नाही.

उन्हाळ्यात एक व्हिडिओ फिरला. कुठल्याशा तलावात मेलेले मासे तरंगत होते. खाली लिहिलं होतं, "कोंढ्याच्या तलावात विष. मासे खाऊ नका." दुसऱ्या दिवशी ढिवर मोहल्ल्यातल्या, मासे विकणाऱ्या कलाबाईची टोपली भरलेली घरी परत गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. ती टोपली घेऊन सरळ माझ्यापाशी आली.

"भाऊ, फळ्यावर लिवा."

"जागा नाय," यादोराव म्हणाले.

"जागा नाय का हिंमत नाय? उद्या आमी जाळं टाकाव का नाय, ते सांगा! वहिनी असती तं एकच गोठ इचारली असती."

यादोरावांनी पानठेल्यापुढच्या माणसांकडे वळून विचारलं, "कोनं पायलं?"

"मले साळ्यानं धाडलं," सुखराम म्हणाला.

"त्यानं पायलं?"

"त्याच्या ग्रुपात आलं जी."

सगळ्यांकडे व्हिडिओ होता. पाहिलेला माणूस कोणीच नव्हता. यादोराव उठले आणि कलाबाईबरोबर तलावाकडे गेले. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. त्यांनी प्लास्टिक सोडलं. खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला.

मग त्यांनी शिंगाडे पुसले. "गोड आहेत" पुसलं. नावापाशी हात थांबला.

"वहिनीचं नाव राहू द्या जी," कलाबाई हळू म्हणाली. "कोनाले आडवं येते?"

"नाय कला. हे तिनं नाय पायलं. नाव ठेवलं तं खोटं होईन. अन् तिले खोटं चालत नव्हतं."

त्यांनी नाव पुसलं. मग वाकड्या अक्षरात लिहिलं: "तलावाची सगळी पाळ फिरलो. पाण्यात उतरलो. मेलेला मासा दिसला नाही. व्हिडिओ कुठला आहे, मला माहीत नाही. पाहणारा: यादोराव." दुपट्ट्याला लागलेला खडू त्यांनी झटकला नाही.

पहिली मरळ सुखरामने घेतली. काहींनी घेतली, काहींनी नाही. पण कलाबाईने दुसऱ्या दिवशी जाळं टाकलं.

"भाऊ, हा फळा अजून किती दिवस?" सुखरामने मासा पिशवीत टाकता टाकता चिडवलं. "आता मशीनच बातमी लिवते."

लिहू दे! उद्या यंत्र न घडलेल्या गोष्टीचं चित्र काढील, मेलेल्या माणसाच्या आवाजात बोलेल. मग कदाचित असा दिवस येईल की कोणी कशावरच विश्वास ठेवणार नाही. नदीला खरा पूर आला तरी लोक हसतील आणि झोपून राहतील. पण दुसराही दिवस येऊ शकतो. फोनवरच्या प्रत्येक बातमीखाली पाहणाऱ्याचं नाव असेल, चूक झाली तर रेघ मारलेली दिसेल, आणि तुम्ही त्याचं दार वाजवून विचारू शकाल. मी त्या दिवसाच्या बाजूने उभा आहे. वाळवी लागली तरी हटणार नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, हारही नको. एक दिवस यादोरावांचं नावही पुसावं लागेल. तेव्हा रडा, पण पुसा. फक्त ती जागा रिकामी ठेवू नका. स्वतः जा, स्वतः पाहा, आणि तिथे आपलं नाव लिहा.