आपलं आपण थांबवता येईल असं यंत्र

"यांना दांडा कितपत उंच लागेल?" सेल्समनने विचारलं. आवाज कुठे गेला ते ऑपरेटरांना बरोबर कळलं. तो त्यांच्या डोक्यावरून थेट त्यांच्या बायकोकडे गेला होता.

"यांनाच विचारा," बायको म्हणाली. "डोळे नाहीत, कान आहेत. जरा जास्तच आहेत. मी आतल्या खोलीत फोनवर कुजबुजले तरी यांना कळतं कुणाची उणीदुणी चाललीत."

"सॉरी सर," असं म्हणून सेल्समन जो मोठ्याने बोलायला लागला, तो जणू ऑपरेटर रस्त्यापलीकडच्या गच्चीवर उभे आहेत. "ही आमची सगळ्यात चालणारी ट्रेडमिल आहे, सर."

"चालते ते चांगलंच आहे. थांबते का?"

ऑपरेटर दांड्यावरून हात फिरवत मागे सरकले. आधी गार लोखंड, मग मऊ वेष्टण, मग एकदम काहीच नाही. "दांडा इथं संपला. आणि पट्टा?"

"पट्टा मागे भरपूर लांब आहे, सर."

"भरपूर म्हणजे कुठपर्यंत?"

 शेजारी भिंगरी खुदकन हसली. भिंगरी म्हणजे त्यांची लेक. दहावीत गेली तरी एका जागी टिकत नाही, म्हणून हे नाव. "बाबा, ते हाताने दाखवतायत."

"दाखवू दे. हौस असते एकेकाला."

मग ते सरळ खाली बसले आणि पट्टा वितीने मोजायला लागले. चालताना पाय मागे किती गेला की कडेलोट होणार, हे वर चढण्याआधी माहीत असलेलं बरं.

"अहो, उठा. लोक बघतायत."

"बघू दे. मला कुठं दिसतायत."

एरवी या वाक्याला बायको हमखास हसायची. आज हसली नाही. तिची पर्स एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, तिची चेन उघडत होती, मिटत होती. ऑपरेटर उठले आणि त्यांनी गुडघे झटकले.

खरं तर बायको इथे काही विकत घ्यायला आलीच नव्हती. हेच मॉडेल ऑपरेटरांच्या थोरल्या भावाकडे धूळ खात पडलं होतं. दादा त्यावर टॉवेल वाळत घालायचा. "फुकट घेऊन जा, माझी खोली मोकळी होईल," असं तो म्हणाला होता आणि संध्याकाळी टेम्पोही येणार होता. हॉलमधलं टीपॉय बायकोने सकाळीच हलवून ठेवलं होतं. पण ऑपरेटर अडून बसले. आधी दुकानात करून बघायचं, म्हणाले. मी एकट्याने चालू करणार, चालणार आणि थांबवणार, मध्ये कुणी बोलायचं नाही. जमलं, तर दादाचं घरी येऊ दे. नाही जमलं, तर मी निवडेन ते घ्यायचं, आणि त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही.

बायको कबूल झाली होती. फक्त एका गोष्टीवर ती तसूभर हलली नव्हती. यंत्र कुठलंही येवो, रस्त्यावरचं चालणं बंद.

ऑपरेटर उभी नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसले होते. गल्लीतल्या पोरांपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणायचे. कुणी जखमी आला, बेशुद्ध आला, की त्याच्या घरी फोन लावणं त्यांचं काम. "घाबरू नका, तुमचा माणूस आमच्याकडे आहे," हे वाक्य ते इतक्या वर्षांत इतक्या घरांना बोलले होते, की त्यानंतर पलीकडून काय काय येतं हे त्यांना पाठ होतं. कुणी ओरडतं, कुणी उलट शिव्या घालतं, कुणी तिसऱ्याच माणसाला हाक मारतं. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे काहीच न येणं. फोन सुरू, श्वास सुरू, शब्द नाही.

रोज सकाळी ते पांढरी काठी घेऊन एकटे फिरायला जायचे. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत आणि बागेला वळसा घालून परत. नळाच्या पाइपांसाठी रस्ता खणला आणि एक स्कूटरवाला खड्डा चुकवायला फुटपाथवर चढला. ऑपरेटरांचं मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले, आणि त्यांना नेलं कुठे, तर त्यांच्याच हॉस्पिटलात. घरी फोन गेला त्यांच्याच बोर्डावरून. त्यांच्या जागी बसलेल्या ऑपरेटरने नंतर त्यांना सांगितलं, "वहिनी काहीच बोलल्या नाहीत हो. फोन ठेवलाही नाही. मीच मग हॅलो हॅलो करत बसलो."

त्यानंतर बायकोने काठीचा विषय काढला, तेव्हा ऑपरेटर भांडले नाहीत. पण साखर वाढली होती, डॉक्टर म्हणाले होते की हालचाल हवीच, आणि घरात चालायचं तर कपाटापासून खिडकीपर्यंत चालून माणूस फार तर बेचैन होतो. म्हणून हे सगळं.

"मी तयारी करून आलेय," भिंगरी म्हणाली. तिने दप्तरातून छोटे रबरी ठिपके काढले, कपाटाचं दार आपटू नये म्हणून लावतात तसले. घरच्या वॉशिंग मशीनवर आणि मायक्रोवेव्हवर तिनेच ते लावले होते, आणि तेव्हापासून घरातले कपडे ऑपरेटर धुवायचे. त्याबद्दल तिची कॉलर ताठ होती. "काका, इथं चिकटवले तर चालतील ना? नंतर निघतात."

"चिकटवा ना," सेल्समन म्हणाला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक डंबेल्सच्या किमती विचारायला लागलं, तसा तो तिकडे गेला.

"हे बघा बाबा, एक ठिपका म्हणजे चालू. दोन म्हणजे बंद. वेगाला काही लावलं नाहीये, उगाच गोंधळ नको."

ऑपरेटर पट्ट्यावर चढले. बोटांनी समोरची बटणांची काच चाचपली. एक ठिपका सापडला. यंत्राने पीप केलं आणि पायाखालची जमीन हळूच मागे निघाली. चार पावलं चालून त्यांनी हात शेजारीच सरकवला. दोन ठिपके. पीप. थांबलं.

"जमलं," भिंगरी म्हणाली. तिचे बूट फरशीवर नाचल्याचं त्यांना ऐकू आलं.

"बोलायचं नाही ठरलंय. आणि हे काय चालणं झालं? हात तिथंच ठेवून कुणीही थांबवेल. जरा रोजच्यासारखं चालतो, मग बघू."

पुन्हा एक ठिपका. या वेळी त्यांनी हात सोडून दिले. पट्टा गुरगुरत होता आणि त्यांचे पाय खरंच चालत होते, खड्डा नाही, कठडा नाही, कुणाची सायकल आडवी लावलेली नाही. खांदे सैल झाले. क्षणभर त्यांना वाटलं की काय हरकत आहे. दादाचे टॉवेल गेले उडत.

मग थांबावं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

काच लागली, ठिपका लागला नाही. त्यांनी बोटं डावीकडे सरकवली. पीप. पट्टा थोडा जोरात झाला. उजवीकडे सरकवली. पीप, पीप. आता पाय उचलावे लागत होते. बोटं आणखी वर गेली आणि कुठल्याशा एका आकड्यावर टेकली. यंत्र एकदम मोठ्याने घोंघावायला लागलं.

"बाबा, खाली. खाली आणि उजवीकडे. नाही, तुमच्या उजवीकडे."

ते धावत होते. जन्मात धावले नव्हते आणि आता धावत होते. नुकतंच प्लॅस्टरमधून निघालेलं मनगट दांड्यावर आवळलं होतं, दुसरा हात काचेवर होता, आणि तो जिथे जाईल तिथे यंत्र पीप करून हुकूम पाळत होतं. त्यांच्या लक्षात आलं. ही बटणं दाबावी लागत नाहीत. नुसतं शोधलं तरी दाबलं जातं. हात उचलावा तर जागा हरवते, ठेवावा तर वेग वाढतो. मागे कडा किती विती राहिली असेल, हे मोजायला आता वेळ नव्हता. टाच एकदा रिकामी पडली. भिंगरी ओरडत होती, सेल्समनचे बूट लांबून धावत येत होते. बायकोचा आवाज कुठेच नव्हता.

खट्.

घोंघावणं खाली उतरलं, पट्टा रखडला आणि थांबला. ऑपरेटरांची छाती दांड्यावर आदळली. भिंतीपाशी कुणीतरी मोठा श्वास घेतला. बायकोने प्लग उपसला होता. तो अजून तिच्या हातात असावा, वायर फरशीवर घासल्याचा आवाज आला. शब्द मात्र नाही.

हेच ते, ऑपरेटरांच्या मनात आलं. त्या दिवशी फोनमध्ये हेच होतं.

"अगं," ते धापा टाकत म्हणाले, "आहे मी. उभा आहे."

"दिसतंय," बायको म्हणाली. 

सेल्समन येऊन पोहोचला. "सर, ही लाल दोरी शर्टाला अडकवायची असते. ओढली गेली की बंद होतं. पायात येते म्हणून मीच गुंडाळून ठेवली होती."

"दोरीने थांबेल. पण वेग नुसता कमी करायचा असला तर? दर वेळी एकतर पळायचं नाहीतर एकदम बंद. मधलं काही नाही."

"तुमच्याजवळ घरी कुणीतरी उभं राहिलं तर..."

"मी राहीन," बायको म्हणाली.

"मग तूच चाल ना त्याच्यावर. तेवढीच तुझी तब्येत सुधारेल."

भिंगरी नाक ओढत होती. "माझ्यामुळे झालं. मी ठिपके..."

"ठिपके बरोबर होते गं. वॉशिंग मशीनच्या बटणावर मी बोट ठेवून विचार करू शकतो. ही काच विचार करू देत नाही. हे तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. बावळटपणा सगळा घरचाच आहे."

सेल्समनने मग मोबाईलवरून बोलून चालवायचं एक महागडं यंत्र सुचवलं.

"मी थांब म्हटलं की थांबेल?"

"नेट असलं की थांबतं, सर."

"आणि नेट नसलं की मी पळत सुटायचं. नको. मी थांबलो की थांबेल असं काही आहे?"

सेल्समन जरा घुटमळला. मग त्याने त्यांना दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे व्यायामाची सायकल होती. जुन्या धाटणीची, कुणी मागत नाही अशी. ऑपरेटरांनी तिला सीटपासून पायापर्यंत चाचपून घेतलं. पेडल फिरून नडगीला कुठे लागेल ते पाहिलं, सगळं अंग टाकून ती डुगडुगते का ते पाहिलं. पुढच्या दांडीवर एक गोल खटका होता. फिरवला की कट् वाजायचं आणि पेडल थोडं जड व्हायचं. उलट फिरवला की कट्, हलकं. पुन्हा फिरवला, पुन्हा. प्रत्येक कट् बोटांना कळत होता.

ते वर चढले.  त्यांनी पेडल मारलं. चाक फिरलं. पाय थांबवले. चाक थांबलं.

"हीच," ते म्हणाले.

"स्क्रीनवर कॅलरीज वगैरे पण दिसतात, सर," सेल्समन सवयीने म्हणाला.

"आयुष्यभर मी मागे कॅरिअरवर बसलोय," ऑपरेटर म्हणाले. "दादा पुढे. पुढच्या सीटवर आज पहिल्यांदाच बसतोय."

"दादांना काय सांगायचं?" बायकोने विचारलं. "टेम्पो ठरवलाय त्यांनी."

"मी सांगतो. फोन लावणं माझंच काम आहे."

दादा फोनवर बराच वेळ फणफणला. फुकटची वस्तू सोडून हा पैसे घालवतोय, डोकं फिरलंय याचं, वगैरे. ऑपरेटरांनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अरे, मग टॉवेल कुठे वाळत घालशील?" पलीकडून आधी काहीच आलं नाही, मग हसू आलं.

सायकल हॉलमध्ये खिडकीपाशी बसली. भिंगरीने आपल्या लहानपणच्या सायकलची घंटी काढून हिच्या दांडीवर लावून दिली. "घरात कशाला घंटी?" आईने विचारलं. "कपाट आडवं आलं तर," भिंगरी म्हणाली. बायकोने काठी घडी करून दारामागच्या खुंटीला अडकवली. तिच्या टोकाच्या रबराला अजून रस्त्याची माती होती. ती तिने पुसली नाही.

सकाळी नेहमीच्या वेळी ऑपरेटर बूट घालूनच सायकलवर बसले. खिडकी उघडी होती. खाली रस्ता सुरू झाला होता, दुधाची गाडी, बेकरीचं शटर, खराट्याचा लांब फराटा. खराटा थांबला.

"काय ऑपरेटर, आज पण नाही?" झाडूवाल्या मावशी खालून म्हणाल्या. "मनगट बरं झालं ना?"

त्यांनी घंटी वाजवली.

"आता गं बाई," मावशी हसल्या. "वर रस्ता केला का काय?" आणि खराटा पुढे निघून गेला, बेकरीच्या दिशेने, मग बागेच्या वळणाला, मग ऐकू येईनासा झाला.

ऑपरेटर तिथपर्यंत मनाने गेले आणि दमले. त्यांनी पाय थांबवले. चाक थांबलं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोने सोडलेला नळही थांबला, भांड्याला भांडं लागायचं थांबलं. घर अगदी चिडीचूप झालं. दाराशी कुणी आलं नाही. कुणी हाक मारली नाही. फक्त ती शांतता, जी त्यांना ओळखीची होती.

त्यांनी खटका एक कट् हलका केला आणि पेडल मारलं. चाक घरघरलं.

आत नळ पुन्हा सुरू झाला.