इन-इअरची तिसरी जोडी

कपडे कुणीही आणून द्यावेत, मी घालते. जेवणात मीठ कमी पडलं तरी गप्प खाते. पण माझ्या कानात काय जाणार ते मीच ठरवणार, असं मी आमच्या गाण्याच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला ठणकावून सांगत आले. त्या दुपारपर्यंत मला ते खरंही वाटत होतं.

स्टेजवरच्या मोठ्या स्पीकरची तोंडं लोकांकडे असतात. मागे उभ्या असलेल्या गायकाला त्यातून नुसता गोंगाट ऐकू येतो. म्हणून आम्ही इन-इअर घालतो. शेंगदाण्याएवढे दोन तुकडे, त्यातून आपला आवाज आणि वाद्यं थेट कानात येतात. लोकांना काय ऐकू जावं आणि मला काय ऐकू यावं, हे वेगवेगळं ठरतं, आणि दोन्ही ठरवतो तो समोर मिक्सरवर, म्हणजे आवाजाच्या बटणांपाशी, बसलेला माणूस. माझ्या बाबतीत तो माझा नवरा. त्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

जुनी जोडी त्यानंच दिली होती, मी घशाच्या आजारातून उठले तेव्हा. बोलायचीसुद्धा बंदी होती त्या काळात. डॉक्टरांशी जे काही बोलायचं ते मास्तर आत जाऊन बोलायचा आणि मी बाहेर बाकावर तोंडाला कुलूप लावून बसायचे. मग एक दिवस म्हणाला, "आता तू फक्त गा, बाकीचं माझ्यावर सोड." आणि ती डबी हातात ठेवली.

काय जोडी होती! माझ्या कानाचा साचा घेऊन बनवलेली, तोही तोंड उघडं ठेवून घेतलेला, कारण गाताना जबडा हलला की कानाचा आकार बदलतो आणि फट पडते. हिच्यात फट म्हणून पडायची नाही. घातली की बाहेरचं जग बंद, आणि आत माझा आवाज, आजाराआधी होता त्याहून गोड. वर जाताना घशात काहीतरी अडायचं, खरखरायचं. कानात मात्र सूर लख्ख लागलेला असायचा. घसा उगाच कुरकुर करतोय म्हणायचं आणि पुढे जायचं. कानांपुढे गायक दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं तर तेही मास्तरच द्यायचा, त्याच्या हातानं साफसूफ केलेलं.

वर्ष झालं, टाळ्या मिळत होत्या, लोक भेटायला येत होते. "आजारपणानंतर आवाज उलट खुललाय तुमचा," असं कुणी म्हटलं की मी मास्तरकडे बघायचे आणि तो खाली बघायचा. मला वाटायचं, लाजतो बिचारा.

जुन्या जोडीचा डावा कान खरखरायला लागला. पुढे कार्यक्रमांची रांग लागलेली, म्हणून इन-इअरवाला तीन नव्या जोड्या घेऊन थेट सभागृहातच आला, संध्याकाळच्या कार्यक्रमाआधीच्या तालमीला. बडबड्या माणूस. साचे त्याच्याकडे होतेच, त्यामुळे तिन्ही जोड्या माझ्याच कानांच्या मापाच्या.

"ताई, आता चावल्यासारखं करा. आता हसा. आता जांभई द्या."

"जांभई अशी मागून येत नाही," मी म्हटलं. "तुमचं भाषण चालू ठेवा, येईल आपोआप."

धाकटी मागे खुदकन हसली. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. मागच्या कोरसमध्ये गाते. तिला गाणं मीच शिकवलं, आणि तिचा आवाज फोनवर ऐकला तर आमच्या आईचीसुद्धा गफलत व्हायची.

पहिली जोडी म्हणजे पाहुण्यांसमोर सगळ्या कविता म्हणून दाखवणारं मूल. झांजेचा प्रत्येक कण वेगळा, गिटारवाल्याचं नख घासलेलंसुद्धा ऐकू आलं. एक गाणं बरं वाटलं, दुसऱ्या गाण्याला डोकं उठलं. शिवाय वरची कड कानाच्या घडीत रुतत होती.

दुसरी उबदार. खालचे सूर भरदार, माझा आवाज अगदी जवळ, जणू मीच माझ्या कानाशी लागलेय. पण जड. मान वळवली की कान ओढला जायचा.

"हीच घे," मिक्सरवरून मास्तरचा आवाज कानात आला. "छान बंद होतेय. बाहेरचं काही आत येत नाही."

"तिसरी बघू दे की."

तिसरी मऊ रबरी, घातलीय हेच विसरायला होईल इतकी हलकी. हातात देताना इन-इअरवाला म्हणाला, "हिला एक बारीक भोक आहे ताई, वर झाकण. उघडलं तर सभागृहाचा आवाज थोडा आत येतो. काही गायकांना कोंडल्यासारखं होतं ना, त्यांच्यासाठी. आत्ता बंदच ठेवलंय."

मास्तर सभागृहाच्या पार मागच्या टोकाला होता, त्याला हे ऐकू गेलं नाही. गेलं असतं तर त्यानं समोरचे स्पीकर तेव्हाच बंद केले असते. मी नखानं दोन्ही झाकणं उघडली. सहज. नवीन वस्तूचं झाकण दिसलं की मला राहवत नाही.

गाणं सुरू झालं. कानात माझा आवाज होताच, पण त्याच्या मागून आता रिकाम्या सभागृहाची हवा येत होती, आणि त्या हवेत लोकांसाठीचं गाणं. खालच्या ओळी ठीक. मग वरच्या सुराची जागा आली. मी सरळ सुरावर गेले, जशी नेहमी जाते. सभागृहातला सूर मात्र खालून घसरत वर चढला.

ती खोड माझी नाही, धाकटीची आहे. लहानपणापासूनची. त्या घसरण्यावरून मी तिला रडवलंय.

पुढच्या ओळीला मी तोंड मिटलं. कानातला माझा आवाज थांबला आणि बाहेर गाणं चालू राहिलं. शब्द स्पष्ट, दम पुरेसा, माझ्या सगळ्या हरकती जागच्या जागी. मी मिटल्या तोंडानं माईकसमोर उभी, आणि मी गातच होते.

मागे वळले. धाकटी डोळे मिटून गात होती. मी तिच्याकडे बघतेय हे कळायला तिला अख्खी ओळ लागली.

वाद्यं एकेक करून थांबली. इन-इअरवाल्याला काही कळलं नसावं, पण हवा बदललेली त्यालाही समजली. तो डब्या आवरायला लागला.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

धाकटी गोंधळली. "ताई, म्हणजे काय? आजारपणानंतर... भावजी म्हणाले, तूच सांगितलंयस. वरच्या जागा मी घ्यायच्या. आणि त्यावर तुझ्याशी बोलायचं नाही, तुला वाईट वाटतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. तिलाही फसवलं होतं आणि मलाही, तिला माझं नाव सांगून आणि मला काहीच न सांगता.

मास्तर खुर्च्यांच्या मधून चालत आला. सावकाश, आजाऱ्याच्या खोलीत यावं तसा.

"वरच्या जागाच ना?" मी विचारलं.

"आधी तेवढ्याच होत्या." तो म्हणाला. "आता बरंचसं गाणं."

"आणि माझा माईक?"

"लोकांसाठी त्याचा आवाज अगदी खाली असतो. तुझ्या कानात मी तुझाच आवाज देतो, जरा सुरात आणून." मग घाईनं म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, वरचे सूर परत येणार नाहीत. तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तू किती आनंदात होतीस वर्षभर, बघ ना."

हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता. सकाळी मी खोकले तर उठून पाणी गरम करत होता. आणि डॉक्टरांचं बोलणं, जे माझ्या घशाबद्दल होतं, ते खिशात घालून फिरत होता. सगळ्या ग्रुपला माहीत, कोरसमधल्या पोरींना माहीत, ढोलवाल्याला माहीत. मी काय ती बाहुली, जिला कानात गोड बोलून उभं केलं होतं!

"माझा माईक वर कर," मी म्हटलं. "हिचा बंद. आत्ता."

तो मिक्सरवर परत गेला आणि त्यानं तसं केलं. मी गायले आणि झाकणं उघडी असलेल्या त्या जोडीतून ऐकलं. खालचे सूर जाडसर झालेले, पण माझे. वरची जागा आली आणि आवाज कापडासारखा टरकला. म्हणजे डॉक्टर खोटं बोलले नव्हते. खोटं एकच जण बोलला होता.

"संध्याकाळी मी असंच गाणार," मी म्हटलं. "धाकटी फक्त कोरस. माझ्या माईकला हात लावायचा नाही."

"लोकांनी तिकिटं काढलीत गं," त्याचा आवाज कानात आला.

"माझं गाणं ऐकायलाच ना? शब्द दे."

त्यानं मिक्सरवरचा हात उचलला. "दिला," म्हणाला.

संध्याकाळी पडदा उघडायच्या आधी त्यानं सवयीनं जुनी जोडी पुसून माझ्या पुढे धरली. मी ती घेतली नाही. तिसरी घातली, झाकणं उघडी ठेवून, आणि बाहेर गेले.

पहिलं कडवं नीट गेलं. वर्षभरानंतर मला लोक ऐकू येत होते, कुणी खोकलं, कुणी खुर्चीत सावरून बसलं, कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजलं. आवाज जाडसर आहे हे त्यांनाही कळत असणार. कळू दे, म्हटलं. वरची जागा जवळ आली. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि सूर लावला.

सभागृहात तो पोचलाच नाही.

मास्तरनं माझ्या माईकचा आवाज खाली ओढला होता. समोर तो दिसत होता, मिक्सरच्या दिव्यात, एक हात माझा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर आणि दुसरा धाकटीच्या. पण धाकटीकडूनही काही आलं नाही. मी वळून पाहिलं. ती माईकसमोर ओठ मिटून उभी होती आणि त्याच्याकडे बघून मानेनं नाही म्हणत होती.

नुसती वाद्यं वाजत राहिली. पहिल्या रांगेतल्या लोकांना माझं उघडं तोंड दिसत होतं. कुणीतरी हसलं. मी सूर सोडला नाही, घसा सोलवटून निघत होता तरी सोडला नाही. मग त्याचा हात हलला आणि माझा आवाज मधूनच सभागृहात आला, चिरलेला, फाटका, सगळ्यांना नीट ऐकू जाईल एवढा मोठा.

हसणारा गप्प झाला. मी मास्तरकडे पाहिलं नाही. दम संपेपर्यंत तो सूर धरला आणि दुसरं कडवं सुरू केलं.