ओढ्यात सोडलेली माणसं

कामासाठी जपानला गेलेल्या माझ्या धाकट्या भावाने, सिद्धोधनने, तिथल्या एका खेड्यात जुनं घर विकत घेतलं, तेव्हा बाबा पालमच्या घरावर त्याच्यासाठी वरचा मजला बांधत होते. गिलावा झाला होता, फरशी ठरायची होती. बातमी कळली तशी बाबांनी गवंड्याला जरा थांब म्हणून सांगितलं. तो अजून थांबलेलाच आहे.

मला तर रागच आला. आईबापाचं दुखणंखुपणं मी परभणीहून एसटीने ये-जा करून काढायचं आणि ह्याने तिकडे लोकांनी टाकलेलं घर लिंपत बसायचं. तिकडे म्हणे अशी घरं पुष्कळ आहेत. म्हातारी माणसं जातात, पोरं शहरात असतात, दाराला कुलूप. "म्हंजे आपल्यावानीच की," माय म्हणाली. बाबा उठून बाहेर गेले.

रविवारी व्हिडिओ कॉल लावून तो काम दाखवायचा. कुजलेल्या फळ्या बदलल्या, मातीच्या भिंती नव्याने लिंपल्या. मातीत तिकडेही पेंढा कालवतात हे पाहून मायला बरं वाटलं. मग एकदा त्याने आतल्या खोलीतलं काळं कपाट उघडलं. आतून सगळं सोनेरी, मूर्तीची जागा रिकामी आणि तिच्यापुढे लहान लहान उभ्या लाकडी पाट्या, अक्षरं कोरलेल्या.

"देव्हारा हाय का?" बाबांनी विचारलं.

"तसलंच दिसायलंय. घर इकनारा, मेलेल्या मालकाचा पुतण्या, म्हनला, आतलं समदं तुमचंच."

आमच्या घरात एक गोष्ट बाराखडीच्या आधी शिकवतात. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरातले देव टोपल्यात भरले आणि गोदावरीत सोडून आले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मग सोड पान्यात," बाबा म्हणाले. "माज्या बानं सोडले तसे."

"कुनाला इचारू का आधी?"

"इचारायचं काय त्यात?"

त्या घराबद्दल बाबा पहिल्यांदाच काही बोलले होते, म्हणून सिद्धूने ऐकलं. घरामागच्या ओढ्यात त्याने सगळं सोडलं आणि आम्हाला दाखवलंही. बाबा दिवसभर खुशीत होते.

पुढच्या रविवारी त्याचा चेहरा उतरलेला होता. शेजारची म्हातारी सकाळी दारात आली होती, हातात गरम भाताची वाटी घेऊन. ती त्याच घराची लेक, गावातच दिलेली. घर बंद होतं तेव्हाही मागच्या दाराने येऊन ती रोज कपाटापुढे भात ठेवायची. दुरुस्ती चालली होती तेवढे दिवस थांबली होती. पाट्यांवर देवांची नव्हे, तिच्या मेलेल्या आईबापाची आणि भावाची नावं होती. पुतण्याने तिला काही विचारलंच नव्हतं.

"भांडली का रे?" मायने विचारलं.

"न्हाई. कुठं ठिवलेत, एवढंच इचारलं. म्या वढा दाखवला. तिथंच काठाला बसली, वाटी हातातच. एकच पाटी घावली. गावात कुनी बोलंना आता माज्याशी. बाबा, घर इकून येतो म्या. वरचा मजला पुरा करा."

मायने माझा हात घट्ट धरला. ह्याच वाक्याची तर आम्ही सगळे इतकी वर्षं वाट पाहत होतो. मला फार आनंद झाला.

बाबा भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "माज्या बानं सोडले ते त्याचेच देव व्हते. म्या तुला दुसऱ्याची मानसं सोडायला लावली. आता तिथून हलायचं न्हाई. उद्या तिच्या पाया पड, नावं इचारून घे, पाट्या नव्या कर. रोज भात ठिव. ती हाय तवर, आन ती गेल्यावर बी."

"आन तुमचं?"

"आमच्यापाशी मनिषा हाय," बाबा म्हणाले.

मला कुणीच काही विचारलं नव्हतं. तरी मी मान हलवली, कारण बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.