अडकलेल्या सीडीचं रसग्रहण

माझ्या चंदूकाकाच्या बँडचं नाव 'थंडर दरबार'. माणसं तीन, तिघांचं मिळून वय एकशे अडतीस. ड्रम वाजवणाऱ्या यासिरभाईंचं मस्कतच्या रुवी भागात टेलरिंगचं दुकान आहे, म्हणून तिघांच्याही पँटी खाली इतक्या रुंद, की एका पायात मी दप्तरासकट मावेन. बास गिटारवाला जितेशदादा टोप लावतो, कारण सत्तर सालच्या रॉकला केस लागतात आणि त्याचे इथल्या पाण्यानं नेले.

२०१७ साली त्यांनी अल्बम काढला. दहापैकी नऊ गाण्यांत मोटरसायकल, व्हिस्की आणि सोडून गेलेली बाई. माझा काका एसी दुरुस्त करतो, कंपनीची पिकअप चालवतो, सोलकढी पितो, आणि काकू कुठेही गेलेली नाही. तिसरं गाणं तेवढं त्याचं स्वतःचं, 'इब्रीचा रस्ता'. आठ वर्षं जादा कामाला एकटा दूर वाळवंटातल्या इब्री गावाला जाताना गाडीत रचलेलं.

"बाकीची नऊ राहू देत, सोने," तो म्हणाला होता. "हे एक कुणीतरी नीट ऐकायला हवं."

आमच्या इथल्या मराठी मंडळाची रीत अशी, की कुणाचंही काही प्रकाशित व्हायचं असलं की आधी मान्यवरांचे अभिप्राय मागवायचे आणि स्मरणिकेत छापायचे. या वेळी 'तरुणांचा आवाज' म्हणून मलाही सीडी मिळाली. मी नुकतीच शाळेची वादविवाद स्पर्धा जिंकले होते, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही.

तिसऱ्या गाण्यात काका "मी ज" म्हणाला आणि तिथेच अडकला. मी ज, मी ज, मी ज. चार मिनिटं. दुसरी सीडी लावली, तिच्यातही तेच. सीड्या काढून देणाऱ्या दुकानदारानं ओरखडा पडलेल्या सीडीवरून शंभर प्रती काढल्या होत्या. काका आपला लॅपटॉपवरचं मूळ रेकॉर्डिंग ऐकत बसलेला, त्याला पत्ताच नाही.

मी स्मरणिकेचे संपादक आजगावकर काकांना फोन केला.

"काका, तिसरं गाणं अडकतंय."

"अडकत नाही बाळ, थबकतं. प्रभावतीताईंनी काय लिहिलंय ऐक. 'मी ज ही पुनरुक्ती म्हणजे परदेशस्थ माणसाची अपूर्ण ओळख.' आणि डॉक्टरसाहेबांना त्यात जुन्या तबकडीचा सुगंध आलाय."

"तबकडीला सुगंध?"

"तू चार ओळी पाठव. गोड लिही."

मी एकच पाठवली. 'सीडी खराब आहे, बदलून घ्या.' ती जागेअभावी छापली गेली नाही.

काकाला मी स्मरणिकाच नेऊन दिली. त्यानं सातही अभिप्राय वाचले.

"सात जणांनी ऐकलं," तो म्हणाला, "आणि एकानंही फोन करून विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर रॉक कळत नाही असं दिसलं असतं ना."

तो नखातलं ग्रीस काढत बसला.

प्रकाशनाच्या संध्याकाळी त्यानं 'इब्रीचा रस्ता' पूर्ण म्हटलं. सात मिनिटं. खजुराची झाडं, अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, फोन, थर्मासमधला चहा. लोक समोशांच्या टेबलाकडे बघायला लागले. संपताच आजगावकर काकांनी माईक घेतला.

"छान. पण सीडीवर जे होतं ना, त्यात खोली होती. ते होऊन जाऊ दे."

पहिल्या रांगेत प्रभावतीताईंनी टाळ्यांचा ठेका धरला. मी ज, मी ज. सगळा हॉल म्हणायला लागला. यासिरभाईंनी, ते तरी काय करणार, काठ्या उचलल्या.

काकानं गिटारची वायर काढली. "खलास," तो माईकमध्ये म्हणाला आणि खाली उतरला.

पिकअपमध्ये बसून त्यानं चावी लावली, पण फिरवली नाही.

"तू सांग. कसं होतं?"

गोड लिहिता मला कधीच आलं नाही. "दुसरं कडवं लांबलंय. थर्मास चारदा येतो. आणि शेवटी ओरडतोस कशाला? गाडीत तू एकटाच असतोस ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या खणातून कामाचा एक कागद काढला, उलटा केला आणि पेन शोधायला लागला.

"थांब, सावकाश," तो म्हणाला. "थर्मास कुठल्या कुठल्या ओळीत?"