घरट्यावरचा बाप

वरच्या डोंगरांतली तळी अजून बर्फाखाली होती, पण खाली दरीतल्या विलो तळ्याचं पाणी उन्हानं निवळलं होतं, कोमट झालं होतं, आणि ओपल टिबेट्सच्या स्वयंपाकघरात दरवर्षीची कुरबुर सुरू झाली होती. चर्चच्या वसंतजेवणाला पहिला बास मासा टिबेट्सांच्या घरून जायचा, तोही सगळ्यात मोठा. ओपल तो स्वतः धरायची, स्वतः तळायची, आणि वाढताना "कसा झालाय?" असं कुणाला विचारायची नाही. चांगलाच झालेला असायचा, विचारायचं काय?

"आई, गेल्या वर्षीचा जेमतेम माझ्या बुटाएवढाच होता," मुलगा वेंडेल म्हणाला.

"तुझे बूट मोठेच आहेत. आणि बाहेरगावच्यांनी तळं ओरबाडलंय, त्याला मी काय करू?"

शुक्रवारी सकाळी ती नणंदेला, मेव्हिसला, घेऊन होडीत बसली. ओपलचे टोमणे मेव्हिसइतके सोसणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

काठाजवळ उथळ पाण्यात परातीएवढा गोल, स्वच्छ खळगा दिसत होता. त्यावर एक दांडगा बास शेपूट हलवत एका जागी उभा होता.

"हाच माझा," ओपल कुजबुजली.

"अगं, तो घरट्यावर आहे. खाली अंडी आहेत."

"म्हणून तर हलत नाही. माझी आई असेच मासे धरायची, मीही असेच धरते."

गळ खळग्यात पडला मात्र, माशानं घरात चोर शिरल्यासारखी झडप घातली. ओपलनं त्याला वर ओढून होडीतल्या पाण्याच्या टाकीत सोडलं आणि ऐटीत म्हणाली, "बघ, आई कशी गुटगुटीत आहे."

"आई नाही, बाप आहे. आई अंडी घालून केव्हाच गेली. पिल्लं निघून आपापली पोहू लागेपर्यंत राखण हाच करतो."

"बाप? राखण? आमच्या हॅरल्डनं कधी पाळण्याला हात लावला नाही."

"माझाच भाऊ तो. मला काय सांगतेस?"

दोघी होडी डुलेपर्यंत हसल्या. मग मेव्हिसनं पाण्याकडे बोट केलं. "आता खाली बघ."

खळग्यावर तळहाताएवढ्या ब्लूगिल माशांची झुंड तुटून पडली होती. बाप नाही म्हटल्यावर पंगतच बसली होती त्यांची.

ओपलचं हसू मावळलं. दर वसंतात सगळ्यात मोठा मासा, म्हणजे दर वसंतात एक अख्खं घर उजाड! आणि नावं ठेवत होती ती बाहेरगावच्यांना.

"पण उद्या मी नेऊ काय? रिकामं ताट?" तिचा आवाज बारीक झाला. "लोक म्हणतील, ओपल थकली."

"म्हणू देत. तळ्यात मासेच उरले नाहीत तर कुठला मान मिरवशील?"

ओपलनं हात ओले केले, मासा अलगद उचलला आणि पाण्यात सोडला. तो बाणासारखा खळग्याकडे सुटला. ब्लूगिलांची दाणादाण उडाली.

"जा बाबा, सांभाळ तुझं घर," ओपल म्हणाली. मग पळणाऱ्या झुंडीकडे बघून तिचे डोळे चमकले. "मेव्हिस, बारीक गळ काढ. अंडीचोरच तळू!"

शनिवारी जेवणाला ओपल आली ती मक्याच्या पिठात कुरकुरीत तळलेल्या ब्लूगिलांचं भलंमोठं ताट घेऊन. सगळे बघत राहिले. वेंडेलनंच विचारलं, "आई, मोठा कुठाय?"

"घरी आहे, पोरं सांभाळतोय. इथल्या किती बाप्यांना ते जमलंय?"

बायका खो खो हसल्या, पुरुष ताटात बघू लागले. ओपलनं हातातला वाढायचा डाव टेबलावर आपटला. "आणि ऐका. वसंतात घरट्यावरचा बास जो उचलेल, त्याला माझं बटाट्याचं सॅलड मिळणार नाही. कधीच."

ही शिक्षा गावाला फार कडक वाटली. त्या वर्षी घरट्यांकडे कुणी फिरकलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ओपल होडीतून वाकून बघते तो काय, काठाशी इवल्या पिल्लांचा काळा ढग तरंगत होता आणि बाजूला तोच दांडगा बाप पहारा देत होता. तिनं मेव्हिसला कोपरानं ढोसलं आणि गळ टोपलीतच राहू दिला.

मंडळी, तळ्यानं दिलेलं हक्कानं खावं, आनंदानं खावं. पण जो घर राखतोय त्याला घरातून उचलू नये. तो राहिला तरच पुढच्या वसंतात आपली कढई तापेल.