पेन्सिलची फुली

वहिनी काचेच्या डोळ्यांची बुबुळं रंगवायच्या आणि घरच्या कंपनीच्या कागदांवर डोळे झाकून सह्या करायच्या. अकरा वर्षं हाच रिवाज. कुंचल्यावरचा रंग वाळू नये म्हणून दीर सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारून आणायचे. वहिनी भिंगाचा चष्माही न काढता नाव खरडून मोकळ्या व्हायच्या. नवरा गेल्यावर कंपनीतला त्याचा हिस्सा त्यांच्या नावावर झाला, तो कागदही त्यांनी वाचला नव्हता.

परवा साच्यांचं कपाट रिकामं दिसलं. भट्टीही जागेवर नव्हती. कारभार दिरांच्या हातात, त्यामुळे विचारतो कोण? सगळं त्यांनी स्वतःच्या नव्या कारखान्यात हलवलं होतं. नवऱ्याने हाताने घडवलेले साचे होते ते.

वहिनींनी गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, नुकसान कंपनीचं आहे, तेव्हा दावा कंपनीच्या वतीने होईल, आणि हिस्सेदार म्हणून तो तुम्हाला लावता येईल. मात्र आधी कारभाऱ्याकडे लेखी मागणी करायची, पोच घ्यायची. हिस्सा सोडलात तर हक्कही गेला. म्हणजे ज्याच्यापुढे तोंड उघडायची भीती, त्यालाच आधी जाऊन कळवायचं! हा कायदा करणाऱ्याला दीर नसावा.

आज ते मागणीचं पत्र एप्रनच्या खिशात ठेवून वहिनी धीर गोळा करत होत्या, तेवढ्यात दीरच आले. नेहमीचंच आहे म्हणाले. कागदावर फुली होती. वहिनींनी कुंचला ठेवला आणि पहिल्यांदाच फुलीच्या वरचं वाचलं. ‘माझा संपूर्ण हिस्सा मी स्वखुशीने सोडत आहे.’ भिंगातून अक्षरं बोटाएवढी दिसत होती.

त्यांनी खिशातलं पत्र काढलं. त्याच्या प्रतीवर त्यांनीही पेन्सिलने फुली मारली होती.

“भावोजी, पत्र मिळाल्याची इथे सही करा.”

दर महिन्याला रंगांची यादी जायची, तीच असेल असं दिरांना वाटलं असावं. त्यांनी उभ्याउभ्या सही ठोकली, पत्र खिशात घातलं आणि हात पुढे केला.

“आणि तुमची?”

“वाचून देते.”

दिरांचा हात तसाच राहिला. वहिनींनी सहीची प्रत एप्रनमध्ये सरकवली. हिस्सा अजून त्यांचाच होता. दिरांनी दारापर्यंत जाऊन ते आतून लावून घेतलं. मग खिशातलं पत्र काढलं आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला लागले.